दुहेरी गाठ

दिवाळीचा पहिला दिवा आपल्याकडे लागतो तो गाईसाठी. वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली की मगच अंगणात पणत्या लागतात. आमच्या घरी त्या दिवशी गहू नाही, दूध नाही, तूप नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "आज वासराच्या वाटणीचं आपण घ्यायचं नाही." मला ते फार आवडलं होतं. वर्षातला एक दिवस तरी आपण त्या मुक्या जिवाचा विचार करतो, असं वाटायचं.

२०१७ सालच्या वसुबारसेला मी अशीच तबक घेऊन फाटकात उभी होते. वाट बघत होते ढवळीची.

ढवळी ही आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गवळी आजींची गाय. सकाळी धार काढली की आजी तिला सोडून द्यायच्या. दिवसभर ती गावभर फिरायची आणि दिवेलागणीला आपली आपण गोठ्यात परतायची. तालुक्याच्या गावांत अजूनही अशीच पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. रोज साडेदहाच्या सुमारास ती आमच्या फाटकावर शिंग आपटायची. तव्यावरची पहिली पोळी तिची, हे ठरलेलंच होतं. मला उशीर झाला तर असं हंबरायची की माझी धाकटी अभ्यास सोडून ओरडायची, "आई, ढवळी रागावली!"

त्या संध्याकाळी ढवळी आली, पण मान खाली घालून नुसती उभी राहिली. मी पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरी पुढे केली. तिनं हुंगलीसुद्धा नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, दिवस भरत आले असतील तिचे. पोट बघ केवढं आलंय."

गेले दोन महिने आम्ही सगळ्या हेच म्हणत होतो. ढवळी गाभण आहे. डावीकडून पोट चांगलं फुगलेलं दिसत होतं, चालही मंद झाली होती. मग काय, "दोन जिवांची आहे बाई" म्हणून सगळ्यांचे हात सैल सुटले. मी एकाऐवजी तीन पोळ्या घालू लागले. काकू वरणभात घालायच्या. कोपऱ्यावरच्या वहिनी भिजवलेले हरभरे घेऊन उभ्या राहायच्या. पितृपक्षात तर रोज कुणा ना कुणाच्या घरचं पान तिच्यासमोर यायचं. गल्लीनं तिचे जणू डोहाळेच पुरवले.

"ही गाभण नाही"

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी गवळी आजी फाटकात आल्या. "वैनी, तुमच्या फोनवरनं डाक्टरला बोलवा की. ढवळी उठंना झालीया."

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी तिच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली आणि काढून घेतली. कणकेच्या गोळ्यात बोट रुतवलं की जसा खड्डा राहतो, तसा खड्डा तिथं राहिला. मग हातमोजा घालून त्यांनी आतून तपासलं आणि म्हणाले, "ही गाभण नाही."

"मग पोट?" मी विचारलं.

"प्लॅस्टिक असणार, ताई. रवंथ किती दिवस बंद आहे हिची?"

कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही रोज तिला खायला घालत होतो, पण ती रवंथ करते की नाही हे एकीनंही बघितलं नव्हतं.

नरकचतुर्दशीला दवाखान्याच्या आवारात ऑपरेशन झालं. सणाची सुट्टी असूनही डॉक्टर आले, हे मी कधी विसरणार नाही. औषधांचा खर्च आमच्या भिशीतून केला. गाईचं हे ऑपरेशन उभ्यानंच करतात, हे मला तेव्हा कळलं. ढवळीला कसंबसं उठवून खोड्यात उभं केलं, डाव्या कुशीत भूल दिली आणि तिथं चीर घेतली. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बाहेर येऊ लागलं ते काय सांगू तुम्हाला! दोरखंडासारख्या पिळल्या गेलेल्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, नायलॉनची दोरी, गजऱ्याचे दोरे, लहान बाळाचा एक पायमोजा, दोन सेफ्टी पिना. घमेली भरत गेली. नंतर वजन केलं तर बावीस किलो भरलं. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा जास्त निघालेलंही मी पाहिलं आहे.

गवळी आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी घमेल्याजवळ उभी होते, आणि तेवढ्यात मला ती दिसली.

माझ्या माहेरच्या एका कापड दुकानाची पिवळी पिशवी. माहेर माझं इथून चार तासांवर. त्या दुकानाची पिशवी आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे असायचं कारणच नव्हतं. वरची अक्षरं अजून वाचता येत होती. आणि तोंडाला गाठ होती, दुहेरी. मला सवयच होती तशी. उरलेलं अन्न पिशवीत भरायचं, हवा काढायची आणि दोनदा गाठ मारायची. म्हणजे सांडायला नको, वास यायला नको, स्वयंपाकघर कसं स्वच्छ!

आतलं अन्न कधीच नाहीसं झालं होतं. गाठ मात्र जशीच्या तशी होती.

ढवळी पाचव्या दिवशी गेली. ऑपरेशन नीट झालं होतं, पण तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, भरल्या पोटी उपाशी होती ती कित्येक महिने." ती पिशवी माझी होती हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. अगदी घरातही नाही.

गाय प्लॅस्टिक खाते का?

लोक म्हणतात, गाईला कळत नाही का? मीही तेच विचारलं. डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगते, कारण हे कळल्यावरच माझे डोळे उघडले.

गाईला प्लॅस्टिक नको असतं. तिला आतला भात हवा असतो, भाजीची देठं हवी असतात. पण गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथं नुसती कडक हिरडी असते. ती जिभेनं घास ओढते आणि फारसा न चावता गिळते. जिभेवरचे काटेही घशाच्या दिशेनं वळलेले असतात. म्हणजे तोंडात आलेली वस्तू निवडून बाहेर टाकणं तिला फार अवघड. आपण खडा लागला की थुंकतो, शेंगदाण्याचं टरफल वेगळं करतो. तिला तसं जमत नाही. कुत्रं निदान पिशवी फाडतं. गाय अख्खी पिशवी गिळते.

पुढचं तर आणखी वाईट. गाईचं पोट चार कप्प्यांचं. त्यातला पहिला सर्वांत मोठा, डॉक्टर त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तिथला चारा बारीक होईल तेव्हाच पुढच्या कप्प्यात सरकतो. प्लॅस्टिक बारीक होत नाही, म्हणून ते पुढेही सरकत नाही आणि मागेही येत नाही. तिथंच गुंता होऊन बसतं. रोज एक पिशवी वाढली तरी वर्षभरात काय होईल, तुम्हीच हिशोब करा. चाऱ्याला जागा उरत नाही. पोट गच्च वाटतं, म्हणून भूक मरते. रवंथ कमी होते, शेण कमी पडतं, दूध आटतं. आणि बघणाऱ्याला वाटतं, गाय काय छान भरलीय!

दुसरी गोष्ट सुया-पिनांची. ही तर खास आपलीच. साडीची पिन, सेफ्टी पिन, मशीनची तुटलेली सुई. केर काढताना आपण सगळं एकदमच सुपलीत घेतो. ही टोकदार वस्तू गाईच्या दुसऱ्या, जाळीसारख्या पोटात जाऊन अडकते. आणि ते पोट हृदयाला अगदी लागून असतं. मधल्या पडद्यातून सुई पुढे सरकली की थेट हृदयाला टोचते. तीन रुपयांची पिन, आणि जनावर दगावतं.

तिसरी गोष्ट ऐकून तर मी खालीच बसले. आम्ही मायेनं घातलेल्या पोळ्या, भात, पुरण हेसुद्धा जास्त झालं तर गाईला विषासारखं. तिचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं. शिजवलेलं धान्य एकदम खूप पोटात गेलं की ते झपाट्यानं आंबतं, पोटात आम्ल वाढतं आणि जनावर आडवं पडतं. तुमच्याकडे पोळा, आमच्याकडे बेंदूर. सण झाला की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जास्त खाल्लेले बैल हमखास दवाखान्यात येतात, असं डॉक्टर सांगत होते. एखादी पोळी चालते, पण दहा घरच्या दहा-दहा पोळ्या नाही चालत.

"भात मी न्हाई बांधला"

मन खाल्ल्यावाचून राहिना, म्हणून मी एक दिवस आजींकडे गेले आणि जरा रागातच म्हणाले, "आजी, तुम्ही तिला मोकळी सोडलीच नसती तर?"

आजी गोठा झाडत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "दोन येळचं मिळून चार लिटर दूध. त्यात माझी मीठमिरची, त्यातच तिची पेंढी. उन्हाळ्यात चारा परवडतो व्हय? सोडली नसती तर उपाशी मेली आसती. सोडली ही माझी चूक, मी न्हाई म्हनत न्हाई. पर वैनी, पिशवीत भात मी न्हाई बांधला."

मी काही न बोलता परत आले. काय बोलणार?

कायद्यानं बघायला गेलं तर चूक दोघींची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार मालकानं जनावराला पुरेसं खायला-प्यायला न देणं हा गुन्हा आहे. आणि आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यात सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही एक कर्तव्य आहे. बी.ए.ला राज्यशास्त्र घेऊनही मला ते नीट आठवत नव्हतं! आणि हा प्रश्न काही आमच्या गल्लीपुरता नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात पन्नास लाखांवर मोकाट गुरं मोजली गेली. त्यात ढवळीसारखी, मालक असून दिवसभर रस्त्यावर असणारी किती, ती वेगळीच. २०१२ साली पुट्टपर्थीच्या 'करुणा सोसायटी'नं आणखी काही प्राणिमित्रांबरोबर याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्याच वर्षी 'द प्लॅस्टिक काऊ' नावाचा माहितीपटही आला. म्हणजे माझ्या आधी पाच वर्षं लोक ओरडून सांगत होते. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोचलं नव्हतं, इतकंच.

वाणातली पिशवी

त्यानंतरची संक्रांत, २०१८ ची. हळदीकुंकवाला दरवर्षी मी प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या असंच काहीतरी लुटायचे. त्या वर्षी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या. शिलाई मशीन घरचंच. एका साडीत आठ-नऊ पिशव्या आरामात होतात. तिळगूळ देता देता मी सगळ्यांना बसवलं आणि त्या पिवळ्या पिशवीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. सांगताना आवाज फुटेना. सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनाही तेव्हाच कळलं.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "वरणभात मीही पिशवीतूनच टाकायचे गं. तुझी पिशवी ओळखू आली, माझी आली नाही, एवढाच फरक."

अर्थात सगळ्यांनाच पटलं असं नाही. एक वहिनी म्हणाल्या, "आपण अठरा घरांनी करून काय होणार? आख्खं गाव टाकतंय." त्यांचंही खोटं नव्हतं. पण ढवळी आख्ख्या गावात फिरली तरी खायला रोज आमच्याच गल्लीत यायची, हेही खरं होतं.

पुढे दोनच महिन्यांनी, २३ मार्च २०१८ ला, महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. तुम्हाला आठवत असेल, महिना-दोन महिने सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या होत्या. मग भाजीवाल्यांकडच्या पातळ पिशव्या हळूच परत आल्या. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, कप, स्ट्रॉ अशा वस्तूंवर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांनाही देशभर मनाई झाली. कायदा हवाच. पण मैत्रिणींनो, कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. ओट्याजवळ उभं राहून, उरलेला भात पिशवीत घालून गाठ मारणाऱ्या हाताला कायदा कसा थांबवणार? तो हात आपला.

आम्ही काय करतो

फार मोठं काही नाही. ज्यांना जमेल त्यांनी करून बघावं म्हणून सांगते.

अन्न आणि प्लॅस्टिक यांची भेटच होऊ द्यायची नाही, हा पहिला नियम. बाकी सगळं याच्यापुढचं. ओला कचरा झाकणाच्या बादलीत, पिशवी न घालता. कोरडा वेगळा. ओला-सुका वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलंच होतं, पण आम्ही ते गाईसाठी करतो म्हणून जास्त नीट होतं! बादली रोज धुवावी लागते, हे खरं. तळाला जुना कागद घातला तर धुणं सोपं जातं.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. ते इवलेसे त्रिकोण कुणी वेचत नाही. ते गटारात, मातीत नाहीतर जनावरांच्या पोटात जातात. पिशवी विसळून, उलटी करून वाळवायची आणि महिन्याच्या महिन्याला भंगारवाल्याला द्यायची. पैसे किरकोळ मिळतात, पण आमच्या कामवाल्या मावशी ते आठवणीनं जमवतात.

सुया, पिना, ब्लेड, तुटलेली काच यांच्यासाठी घरात एक जुना पत्र्याचा डबा. भरला की झाकण पक्कं बसवून भंगारात. सॅनिटरी पॅड किंवा बाळाचे डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचे, दोऱ्यानं बांधायचे, वर लाल खूण करायची आणि घंटागाडीच्या माणसाच्या हातात वेगळं द्यायचं. उघड्यावर टाकलं की कुत्री ते रस्ताभर ओढतात. लाजेपायी आपण बोलत नाही, पण गोळा करणाऱ्या बाईला ते हातानं उचलावं लागतं.

गाईला काय घालायचं? मटारची टरफलं, फ्लॉवरची पानं, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची वरची पानं, कलिंगडाची सालं. धुतलेलं, ताजं, आणि पाटीत किंवा घमेल्यात. रबर बँड आणि दोरे काढून, बरं का! पालकाच्या जुडीचा रबर हा फार मोठा चोर आहे. कांद्याचा कचरा, हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे, बुरशी आलेलं काहीही नको. गोग्रास म्हणून एक पोळी ठीक. जास्त पुण्य हवं असेल तर चाऱ्याची एक पेंढी विकत घ्या. सणाला पुरणाच्या ढिगापेक्षा हिरवा मका किंवा कडवळ घाला.

दारात एक सिमेंटची पाण्याची कुंडी ठेवा. उन्हाळ्यात कुत्री, गाई, चिमण्या, सगळ्यांचं भागतं. आठवड्यातून दोनदा घासून पाणी बदला, नाहीतर डास होतात.

उरलेला ओला कचरा, म्हणजे कांद्याची सालं, चहाचा चोथा, उष्टं-खरकटं, यासाठी भोकं पाडलेली जुनी बादली. तळाला नारळाच्या शेंड्या, वर कचऱ्याचा थर, त्यावर तेवढाच वाळका पालापाचोळा. पहिल्यांदा थोडं आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडा. वास आला तर समजायचं की ओल जास्त झाली, पाला वाढवायचा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कचराच खातात. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. माझी जास्वंद आणि कढीपत्ता त्यावर पोसलाय.

आणि एक. गाय रवंथ करत नसेल, डावी कूस फुगलेली दिसत असेल, शेण पडत नसेल, तर "गाभण असेल" म्हणून सोडू नका. मालकाला सांगा, दवाखान्यात कळवा. आता १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. आमच्या वेळी हे माहीत नव्हतं.

अठरातली अकरा

सगळं गोड-गोड झालं असं मी लिहिणार नाही. अठरा घरांतली अकरा घरं आज हे नियमानं करतात. बाकीच्यांचं अधूनमधून. सुरुवातीला तर आम्ही वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्रच ओतला जायचा. इतका संताप यायचा! एका मैत्रिणीनं त्याच रागात करणंच सोडलं. आम्ही सात-आठ जणी अर्ज घेऊन तीनदा गेलो, तेव्हा गाडीत दोन कप्पे झाले. लग्नसराईत कार्यालयामागच्या उकिरड्यावर अजूनही पिशव्या आणि पत्रावळ्या एकत्रच पडतात. त्याच्याशी आमची लढाई चालूच आहे.

पण एक गोष्ट झाली. ढवळीची कालवड होती, तांबू. तीही मोठी झाल्यावर गावभर फिरणार, हे उघड होतं. भिशीत विषय निघाला तेव्हा काकूंनीच तोड काढली. आपल्या घरातला भाजीचा हिरवा कचरा रोज आजींच्या गोठ्यावर पोचवायचा, उन्हाळ्याचे तीन महिने भिशीतून पेंढ्या घ्यायच्या, आणि आजींनी तांबूला एकटी सोडायची नाही. आजी आधी संशयानं बघत होत्या. म्हणाल्या, "किती दिस कराल?" मी म्हटलं, "जमेल तितके दिवस." पहिल्या महिन्यात कुणी विसरायचं, कुणी कंटाळायचं. मग शाळेतून आलेल्या मुलांनी ते काम उचललं. संध्याकाळी बादल्या घेऊन पोरं गोठ्यावर पळायची. तांबू त्यांना चाटायची म्हणून!

तांबूचं आता तिसरं वेत आहे. दूध आजींची सून काढते, आजी खाटेवरून देखरेख करतात. गेल्या वसुबारसेला आम्ही सगळ्या पूजेला गोठ्यावरच गेलो. मी कुंकू लावलं, बाजरीच्या भाकरीचा तुकडा पुढे केला. तिनं तो घेतला आणि डोळे मिटून रवंथ करत उभी राहिली. पूजा झाल्यावरही मी बराच वेळ तिच्या जबड्याकडे बघत बसले होते. आजी खाटेवरून म्हणाल्या, "काय बघताय वैनी?"

"काही नाही आजी," म्हटलं, "चालू आहे ना, ते बघतेय."

परवाच घरी पाहुणे होते. रात्री भांडी आवरताना दमून गेले होते. भात उरला होता, समोर मिठाईची एक रिकामी पिशवी पडली होती. हात आपोआप तिकडे गेला. भात आत गेला, हवा काढली, एक गाठ मारलीसुद्धा. आणि तिथं थांबले.

गाठ सोडायला दोन मिनिटं लागली. भात बादलीत टाकला, पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली आणि मग झोपायला गेले.